हिट की एरर? सॉफ्टबॉलच्या नव्या स्कोअररसाठी

पहिल्या बेसवर रनर आहे, अजून एकही आउट नाही. बॅटरने शॉर्टस्टॉपच्या (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधल्या फिल्डरच्या) बाजूला ग्राउंडर, म्हणजे जमिनीवरून जाणारा फटका, मारला. शॉर्टस्टॉपने पळत जाऊन बॉल उचलला आणि दुसऱ्या बेसवर फेकला. रनर आधीच पोचली होती, पंचांनी दोन्ही हात पसरून सेफ दिलं. तोवर बॅटरही पहिल्या बेसवर सुखरूप. मैदानावर सगळं चार-पाच सेकंदांत संपलं, पण स्कोअररच्या टेबलावर आता प्रश्न उभा आहे: हिट (बॅटरची कमाई), एरर (फिल्डरची चूक) की फिल्डर्स चॉइस (फिल्डरने बॅटरला सोडून दुसऱ्या रनरला आउट करायचं निवडलं म्हणून बॅटर सेफ)? तुम्ही जे लिहाल त्यावरून एका मुलीची बॅटिंग सरासरी, दुसरीची फिल्डिंग आणि पिचरच्या नावावर लागणाऱ्या धावा ठरणार आहेत.

शालेय आणि जिल्हा स्पर्धांत हे टेबल बहुतेकदा राखीव खेळाडूकडे, नुकतंच खेळणं थांबवलेल्या एखाद्या ताईकडे किंवा क्रिकेटची वही भरता येणाऱ्या पालकांकडे येतं. क्रिकेटची सवय उपयोगी पडते, पण एका ठिकाणी तोकडी पडते. क्रिकेटच्या स्कोअरबुकात सुटलेला झेल कुठे दिसत नाही. बॅट्समन पुढे शतक काढतो आणि ते त्याचं पूर्ण शतक असतं. सॉफ्टबॉलमध्ये तो सुटलेला झेल कोणाकडून सुटला हे लिहावं लागतं, आणि त्यामुळे झालेली धाव पिचरच्या खात्यातून बाजूला काढावी लागते. गंमत म्हणजे बेसबॉलचा तक्ता घडवणारा हेन्री चॅडविक हा मूळचा इंग्लंडचा, न्यूयॉर्कमध्ये आधी क्रिकेटच्या बातम्या लिहिणारा पत्रकार होता. कोणाचं श्रेय कोणाला, हा हिशेब त्याच्या तक्त्यातूनच सॉफ्टबॉलकडे आला.

स्कोअरर म्हणून तुमचं खरं काम हेच आहे. धावफलक कोणीही बदलू शकतं. धाव कोणामुळे झाली हे नीट बघणारं माणूस मैदानावर एकच असतं.

सामन्याआधी

टोक केलेल्या दोन पेन्सिली आणि खोडरबर जवळ ठेवा. पेनने स्कोअरशीट भरू नका, कारण इनिंगच्या शेवटी काही निर्णय बदलावे लागतात, आणि ते नियमाला धरूनच असतं.

फिल्डरचे क्रमांक पाठ हवेत: पिचर १, कॅचर २, पहिला बेस ३, दुसरा बेस ४, तिसरा बेस ५, शॉर्टस्टॉप ६, डावा मैदानरक्षक ७, मधला ८, उजवा ९. हे जागांचे क्रमांक आहेत, जर्सीवरच्या नंबरांशी त्यांचा संबंध नाही. नवी माणसं ५ आणि ६ मध्ये गोंधळतात. शॉर्टस्टॉप दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मध्ये उभी असली तरी तिचा क्रमांक ६ आहे, हे पक्कं करून घ्या. मग शॉर्टस्टॉपने उचलून पहिल्या बेसवर आउट केलं की ६-३ एवढंच लिहायचं. ६ ला असिस्ट (आउटला मदत), ३ ला पुटआउट (प्रत्यक्ष आउट करणं).

लाइनअप घेताना दहा नावं दिसली तर समजा की डीपी (फ्लेक्सच्या ऐवजी बॅटिंग करणारी) आणि फ्लेक्स (सुरुवातीला फक्त फिल्डिंग करणारी) वापरलेत. बॅटिंगच्या क्रमात नऊच जणी असतात. डीपी त्या नऊ जणींत असते आणि फ्लेक्स दहाव्या ओळीवर. फ्लेक्स बॅटिंगला आली तर फक्त डीपीच्या जागी येऊ शकते. शिवाय सुरुवातीच्या खेळाडूला बाहेर गेल्यावर एकदा परत येता येतं, पण बॅटिंगच्या त्याच जागेवर. म्हणून प्रत्येक बदलाची इनिंग त्या नावासमोर लिहून ठेवा. सातव्या इनिंगला वाद झाला की दोन्ही संघांचे सर तुमच्याकडेच येणार.

आयोजकांना सामन्याआधी दोन-तीन गोष्टी विचारून घ्या. मोठ्या फरकाने सामना कधी संपवायचा? टायब्रेकर (बरोबरी सोडवायला दुसऱ्या बेसवर रनर ठेवून खेळायची इनिंग) कितव्या इनिंगपासून? आणि रनरला पुढे सरकवण्यासाठी मारलेला स्लॅप (पळत पळत मारलेला फटका) सॅक्रिफाइसमध्ये (रनरसाठी स्वतःचा आउट देण्यात) धरायचा का? स्पर्धेच्या नियमपुस्तकाप्रमाणे ही उत्तरं बदलतात.

आणखी एक. आपल्याकडे मैदानावर आणि बातम्यांतही प्रत्येक धावेला होमरन म्हणायची पद्धत आहे. शीटवर होमरन लिहायचा तो फक्त बॅटर स्वतःच्या फटक्यावर, कोणाच्याही चुकीशिवाय चारही बेस फिरून आली तर.

तीन प्रश्न, ह्याच क्रमाने

अवघड प्ले झाला की पेन्सिल लगेच टेकवू नका. आधी स्वतःला तीन प्रश्न विचारा.

पहिला: पंचांनी काय दिलं? सेफ की आउट, फेअर की फाउल, हे स्कोअरर कधीच ठरवत नाही. तुमच्या डोळ्यांना रनर स्पष्ट आउट दिसली असेल, तरी पंचांनी सेफ दिलं तर ती सेफ, आणि पुढचा सगळा विचार तिथून सुरू होतो. खुणा नीट कळल्या नाहीत तर बॉल डेड झाल्यावर विचारा. खेळ चालू असताना ओरडू नका.

दुसरा: सामान्य प्रयत्नात काय झालं असतं? स्कोअरिंगचा निम्मा नियम ह्या दोन शब्दांत आहे. त्या जागेवर, त्या पातळीवर खेळणाऱ्या साधारण कौशल्याच्या खेळाडूने हा प्ले केला असता का? पातळी महत्त्वाची आहे. १४ वर्षांखालच्या शालेय सामन्यात जो बॉल पकडणं कौतुकाचं असतं, तो वरिष्ठ राष्ट्रीय स्पर्धेत सोडला तर एरर आहे. टीव्हीवर ऑलिंपिकचे सामने बघून त्या मापाने शाळकरी मुलींना एरर देत बसू नका. पण उलटही करू नका. मुली लहान आहेत म्हणून सगळंच हिट लिहिलं, तर पिचर मुलीवर अन्याय होतो, आणि तीही तेवढीच लहान आहे.

तिसरा: श्रेय किंवा दोष कोणाचा, आणि कितव्या बेसपर्यंतचा? एका प्लेमध्ये दोन गोष्टी असू शकतात. पहिल्या बेसपर्यंत हिट, तिथून पुढे एरर. ह्यांचे तुकडे करायला शिकलात की बरेच गुंते सुटतात.

आता सुरुवातीचा प्ले सोडवू. पंचांनी दोघींना सेफ दिलंय. शॉर्टस्टॉपने दुसऱ्याऐवजी पहिल्या बेसवर फेकलं असतं तर बॅटर सामान्य प्रयत्नात आउट झाली असती का? झाली असती, तर फिल्डर्स चॉइस. ग्राउंडर इतका लांब होता की पहिल्या बेसवरही काही झालं नसतं, तर हिट. एररचा प्रश्नच नाही, कारण बॉल नीट उचलला आणि थ्रोही नीट होता. चुकीच्या बेसवर फेकणं हा निर्णयातला दोष झाला, आणि अशा दोषाला एरर लावत नाहीत.

हिट आणि एरर

सगळ्यात जास्त वाद इथे होतात, म्हणून थोडं थांबू.

बॉलला ग्लोव्ह लागला म्हणजे एरर आणि नाही लागला म्हणजे हिट, ही समजूत डोक्यातून काढून टाका. सरळ पायांमधून गेलेल्या साध्या ग्राउंडरला ग्लोव्हचा स्पर्शही झालेला नसतो, पण तो एरर आहे. उलट पूर्ण झेप घेऊन बोटांच्या टोकाला लागून निसटलेला बॉल हिट आहे. तिथपर्यंत पोचणं हीच त्या मुलीची कमाल होती, तिला एरर लिहिणं म्हणजे जास्त पळणाऱ्याला शिक्षा करणं.

आपल्याकडची मैदानं सगळीकडे सारखी नाहीत. खडा लागून बॉल अचानक उडाला, खांद्यावरून गेला, तर हिट लिहा. सूर्य डोळ्यांवर आल्याने दिसलाच नाही, तरी हिट. दोन मैदानरक्षकांच्या मध्ये फ्लाय (हवेत उडालेला फटका) पडला तर बघा: एकीच्या आवाक्यात तो सहज होता आणि "तू घे, तू घे" करत पडला असेल, तर जिचा तो झेल होता तिला एरर. दोघींनाही धावतच यावं लागलं असेल तर हिट.

फाउल फ्लाय सुटला तर अनेक स्कोअरर काहीच लिहीत नाहीत, कारण बॅटर तर बॅटिंग करतेच आहे. तो एरर आहे. सामान्य प्रयत्नात पकडता येण्यासारखा फाउल सोडला की बॅटरला आणखी एक आयुष्य मिळालं. पुढच्याच पिचवर ती स्ट्राइकआउट झाली तरी तो एरर खोडायचा नाही. चौकोनाच्या कोपऱ्यात बारीक "ई ३" असं काही लिहून ठेवा. धावांचा हिशेब करताना ते लागतं.

बॉल हातात घोळवत बसल्यामुळे उशीर झाला आणि त्यामुळेच बॅटर सेफ झाली, तर तो एरर होऊ शकतो. पण सॉफ्टबॉलमध्ये बेसमधलं अंतर फक्त ६० फूट, म्हणजे १८.२९ मीटर आहे. बेसबॉलमध्ये ते ९० फूट असतं. इंटरनेटवर बेसबॉलचे व्हिडिओ बघून शिकलेल्यांना इथे फसायला होतं. तिथे फिल्डरला बॉल हातात नीट बसवायला वेळ असतो, इथे नसतो. डावखुरी बॅटर पळत पळत स्लॅप मारते तेव्हा ती बॉल लागताक्षणी पहिल्या बेसकडे निघालेली असते. शॉर्टस्टॉपने अगदी स्वच्छ उचलून फेकूनही ती सेफ झाली, तर ते तिचं कसब. बिनदिक्कत हिट लिहा.

हिट किती बेसचा, हेही बघावं लागतं. दुसऱ्या बेसवर रनर होती, बॅटरने मधल्या मैदानात सिंगल मारला, मधल्या मैदानरक्षकाने होमवर फेकलं, आणि थ्रो हवेत असताना बॅटर दुसऱ्या बेसवर पोचली. हा डबल नाही. सिंगल, आणि पुढचा बेस थ्रोवर. स्वतःला विचारा, रनरला आउट करायचा प्रयत्न झालाच नसता तर बॅटर कुठे थांबली असती?

फोर्स आउट झाला की हिट गेला

हा नियम अनेकांच्या पचनी पडत नाही. पहिल्या बेसवर रनर आहे. बॅटरने उजव्या मैदानात चांगला खणखणीत फटका मारला, बॉल उजव्या मैदानरक्षकाच्या पुढे पडला. रनर झेल होईल की नाही ह्या शंकेत अडकली आणि उजव्या मैदानरक्षकाने तिला दुसऱ्या बेसवर आउट केलं. ९-६. फटका कितीही सुंदर असला तरी बॅटरला हिट मिळत नाही, फिल्डर्स चॉइस लिहायचं. बॅटरमुळे पुढे जाणं भाग असलेली रनर फोर्स आउट झाली की हिट नाही.

अंतर कमी असल्यामुळे सॉफ्टबॉलमध्ये असे प्ले खरंच होतात. उजव्या मैदानातून थेट पहिल्या बेसवर ९-३ आउट झालेलाही दिसेल. दचकू नका, तो साधा ग्राउंड आउटच आहे.

फेअर बॉल रनरलाच लागला तर मात्र उलट. रनर आउट, पण बॅटरला हिट, आणि पुटआउट बॉलच्या सगळ्यात जवळ असलेल्या फिल्डरला. बॉल उचलायला गेलेल्या फिल्डरला रनर आडवी आली आणि पंचांनी तिला आउट दिलं, तर बॅटर पहिल्या बेसवर फिल्डर्स चॉइसने. फटका हिट होण्याजोगाच होता असं तुमचं मत असेल तेव्हाच हिट.

बंट

शून्य आउट, पहिल्या बेसवर रनर, बॅटरने बंट केला, म्हणजे बॅट न फिरवता बॉल हलकेच जवळ टाकला. इथून चार वाटा फुटतात.

बॅटर पहिल्या बेसवर आउट आणि रनर दुसऱ्यावर, हा सरळ सॅक्रिफाइस. बॅटरच्या नावावर अॅट-बॅट (सरासरीत मोजली जाणारी बॅटिंगची पाळी) लागत नाही. तिसऱ्या बेसच्या फिल्डरने बॉल उचलून दुसऱ्या बेसवर फेकला आणि रनर तिथे आउट झाली, तर सॅक्रिफाइस नाही. अॅट-बॅट लागतं, बॅटर फिल्डर्स चॉइसवर पहिल्या बेसवर. तोच थ्रो नीट असूनही उशिरा पोचला आणि दोघी सेफ, तर सॅक्रिफाइस आणि फिल्डर्स चॉइस दोन्ही लिहायचं, मात्र पहिल्या बेसवर बॅटर सहज आउट झाली असती अशी तुमची खात्री हवी. आणि फिल्डरने पहिल्या बेसवर फेकलं पण बॉल वर उडाला, तर सॅक्रिफाइस आणि एरर.

बंट इतका अचूक पडला की कोणी काही केलं तरी बॅटर सेफच होती, तर तो हिट. रनर पुढे गेली म्हणून आपोआप सॅक्रिफाइस लिहू नका. आणि दोन आउट असताना सॅक्रिफाइस नावाची गोष्टच नसते.

सॅक्रिफाइस फ्लायचंही तसंच: दोनपेक्षा कमी आउट, झेल झाला आणि तिसऱ्या बेसवरून धाव आली. झेल सुटला, पण पकडला असता तरी रनर होमवर पोचलीच असती, तर सॅक्रिफाइस फ्लाय अधिक एरर. रनर दुसऱ्यावरून तिसऱ्यावर गेली एवढ्याने सॅक्रिफाइस फ्लाय होत नाही.

पिच सुटली तर

कॅचरच्या मागे बॉल गेला की दोष पिचरचा की कॅचरचा? प्लेटच्या आधीच जमिनीवर आपटलेली पिच वाइल्ड पिच. सामान्य प्रयत्नात अडवता येण्यासारखी पिच सोडली तर पास्ड बॉल. फार वर, फार बाहेर असेल तर वाइल्ड पिच. दोन्ही एरर म्हणून लिहीत नाहीत, त्यांचे रकाने वेगळे. आणि रनर पुढे सरकली नसेल तर काहीच लिहायचं नाही, बॉल बॅकस्टॉपपर्यंत गेला असला तरी.

रनर चोरी करत असतानाच (फटक्याची वाट न बघता पुढच्या बेसकडे पळत असतानाच) पिच सुटली तर तिच्या पायांकडे बघा. पिचरच्या हातातून बॉल सुटताच ती निघाली असेल तर तो चोरलेला बेस, त्यावर आणखी एक बेस मिळाला तर तेवढाच वाइल्ड पिचवर किंवा पास्ड बॉलवर. बॉल लांब गेलेला बघून निघाली असेल तर चोरी नाही.

चोरी अडवताना कॅचरचा थ्रो वाईट होता म्हणून रनर दुसऱ्यावर सेफ झाली, तर चोरलेला बेस, एरर नाही. थ्रो मधल्या मैदानात गेला आणि ती तिसऱ्यापर्यंत पोचली, तर चोरी अधिक ई २, तिसऱ्या बेससाठी. थ्रो अचूक होता, रनर नक्की आउट होती आणि शॉर्टस्टॉपच्या ग्लोव्हमधून बॉल निसटला, तर चोरी लिहायची नाही. रनर चोरीत पकडली गेली असं धरून ई ६ लिहा, आणि कॅचरचा असिस्ट तिला द्या. तिने तिचं काम चोख केलेलं असतं.

तिसरी स्ट्राइक कॅचरच्या हातून सुटली, आणि पहिला बेस रिकामा आहे किंवा दोन आउट झालेत, तर बॅटर पळू शकते. पळून सेफ झाली तरी पिचरला स्ट्राइकआउट मिळतोच. "के" लिहा आणि शेजारी वाइल्ड पिच, पास्ड बॉल किंवा एरर, जे कारण असेल ते. कॅचरने उचलून पहिल्या बेसवर आउट केलं तर "के, २-३". ह्यामुळे एका इनिंगमध्ये चार स्ट्राइकआउट दिसले तर दचकू नका, ते शक्य आहे.

डबल प्ले गृहीत धरायचा नाही

शॉर्टस्टॉपकडून दुसऱ्या बेसवर एक आउट झाला. तिथून पहिल्या बेसवरचा थ्रो बाजूला गेला आणि बॅटर सेफ. एरर? नाही. एक आउट मिळालाय, दुसरा मिळायलाच हवा होता असं धरता येत नाही. त्या थ्रोमुळे बॅटर दुसऱ्या बेसपर्यंत गेली तर त्या जास्तीच्या बेसपुरता एरर. अपवाद एकच: थ्रो अचूक होता, बॅटर आउट झालीच असती आणि पहिल्या बेसच्या फिल्डरच्या हातून बॉल सुटला, तर तिला एरर.

सॉफ्टबॉलचे खास प्रसंग

पिचरच्या हातातून बॉल सुटण्याआधी रनरने बेस सोडला तर ती आउट, बॉल डेड आणि ती पिच धरायची नाही. तुम्ही घाईने बॉल किंवा स्ट्राइकची खूण केली असेल तर खोडा. बॅटरचा काउंट (बॉल आणि स्ट्राइकची संख्या) आधी होता तोच राहतो. पंच बॅटरला "काउंट किती?" विचारतात, मग तुमच्याकडे बघतात.

पिचर बॉल घेऊन सर्कलमध्ये उभी असताना रनर बेसपासून दूर रेंगाळली तरी आउट होते. तिला तत्काळ पुढे किंवा मागे जावंच लागतं. हा आउट कोणीही टॅग (बॉलने स्पर्श) न करता मिळतो, म्हणून स्कोअररच्या नजरेतून निसटतो. सर्कलची त्रिज्या ८ फूट. तिथे पिचर पोचली की डोळे रनरवर ठेवा.

इनफिल्ड फ्लाय, म्हणजे इनफिल्डरला सहज पकडता येण्यासारखा उंच फ्लाय: पहिल्या आणि दुसऱ्या बेसवर, किंवा तिन्ही बेसवर रनर, दोनपेक्षा कमी आउट, आणि पंचांनी हाक दिली. बॅटर तिथेच आउट. मग बॉल खाली पडला तरी बॅटरबाबत एरर नाही आणि पुटआउट जी तो पकडणार होती तिला.

ऑब्स्ट्रक्शन म्हणजे हातात बॉल नसताना फिल्डरने रनरची वाट अडवणं. पंच डावा हात आडवा धरतात, खेळ चालू राहतो. त्यामुळे रनरला बेस बहाल झाला तर अडवणाऱ्या फिल्डरला एरर. रनर स्वतःच तिथे पोचली असेल तर काही नाही. कॅचरने बॅटरची बॅट अडवली आणि बॅटरला पहिला बेस मिळाला, तर कॅचरला एरर आणि बॅटरला अॅट-बॅट नाही.

तिसरा आउट आणि धाव

दोन आउट. पहिल्या आणि तिसऱ्या बेसवर रनर. बॅटरने सिंगल मारला. तिसऱ्यावरची होमवर आली, आणि पहिल्यावरची तिसऱ्या बेसवर जाताना टॅग झाली. धाव मोजायची का? टॅगच्या आधी पाय होमला लागला असेल तर मोजायची. पण तिसरा आउट फोर्स असेल, बॅटर पहिल्या बेसला पोचायच्या आधी आउट झाली असेल, किंवा पिच सुटण्याआधी बेस सोडल्यामुळे रनर आउट झाली असेल, तर धाव आधी आली तरी नाही.

ह्यातली एक गोष्ट अनुभवी लोकही चुकवतात. एक आउट, पहिल्या-तिसऱ्या बेसवर रनर, उंच फ्लाय. झेल झाला. तिसऱ्यावरची नियमाने थांबून होमकडे गेली, पहिल्यावरची झेलाआधीच पळाली होती आणि तिला परत पहिल्या बेसवर आउट केलं. हा तिसरा आउट फोर्ससारखा दिसतो, पण फोर्स नाही. झेल होताच बॅटर आउट झाली, त्यामुळे पुढे जाण्याची सक्ती संपली. म्हणून कोण आधी, एवढंच बघायचं. धाव आधी असेल तर ती मोजा आणि सॅक्रिफाइस फ्लायही द्या. आधी की नंतर हे ठरवणारे मात्र प्लेटमागचे पंच, तुम्ही नाही.

चुकीची बॅटर आली तर गप्प बसा

तुमच्यासमोर क्रम लिहिलेला आहे आणि भलतीच मुलगी बॅटिंगला उभी आहे. कोणालाही काही बोलू नका. चेहऱ्यावर दाखवू नका, शेजारी बसलेल्याला कोपर मारू नका. दाद मागायची ती संघांनी. तिची बॅटिंग चालू असताना लक्षात आलं तर योग्य बॅटर तोच काउंट घेऊन उभी राहते. तिची बॅटिंग संपल्यावर आणि पुढच्या पिचआधी विरोधी संघाने दाद मागितली, तर जी यायला हवी होती ती आउट, पुटआउट कॅचरला. पुढची पिच पडली की विषय संपला, झालं ते वैध. जे घडतंय ते बारकाईने नोंदवत राहा, कारण पंचांनी विचारल्यावर तुमची शीट पुरावा असते.

सर किंवा मॅडम टेबलापाशी येऊन "तो हिट आहे ना?" विचारतात. नम्रपणे सांगा, "सर, इनिंग संपल्यावर बघते." आणि एकदा विचार करून लिहिलं की आवाजाच्या जोरावर बदलू नका. दोन्ही संघांना माप एकच हवं.

इनिंग संपल्यावर: पिचरच्या खात्यातली धाव

इनिंग मनातल्या मनात पुन्हा खेळायची, एरर आणि पास्ड बॉल वगळून. त्या स्वच्छ इनिंगमध्ये जी धाव आली असती तीच अर्न्ड. दोन आउट झालेत, शॉर्टस्टॉपने साधा ग्राउंडर सोडला आणि पुढच्या बॅटरने होमरन मारला. धावा दोन, बॅटरच्या नावावरही दोन, पण पिचरच्या खात्यात शून्य. तिची इनिंग त्या ग्राउंडरवर संपायला हवी होती. सुटलेला फाउल फ्लायही इथे आउट म्हणून मोजा.

घाई करू नका. डबल मारून आलेली रनर पास्ड बॉलवर तिसऱ्यावर गेली आणि फ्लायवर होमवर आली. त्या क्षणी धाव अनअर्न्ड दिसते. पण त्याच इनिंगमध्ये पुढे कोणी असा सिंगल मारला की दुसऱ्या बेसवरूनही ती आलीच असती, तर धाव अर्न्ड होते. म्हणूनच पेन्सिल. शंका राहिली तर फायदा पिचरला. वाइल्ड पिच मात्र वगळायची नाही, ती पिचरचीच.

सरासरी काढताना अर्न्ड धावांना ७ ने गुणून टाकलेल्या इनिंग्जनी भागा, कारण आपला सामना ७ इनिंग्जचा. १० इनिंग्जमध्ये ३ अर्न्ड म्हणजे २.१०. बेसबॉलच्या अॅपमध्ये भरलंत तर ते ९ ने गुणेल, आणि मुलीची सरासरी उगाच फुगेल.

सही घेण्याआधी

प्रत्येक संघासाठी एक ताळा करा. बॅटिंगला आलेल्यांची एकूण संख्या, म्हणजे अॅट-बॅट, वॉक (चार बॉलवर मिळालेला पहिला बेस), बॉल लागून मिळालेले बेस, सॅक्रिफाइस आणि कॅचरच्या ऑब्स्ट्रक्शनवर गेलेल्या मिळून, ही धावा, बेसवर राहिलेल्या आणि समोरच्या संघाचे पुटआउट यांच्या बेरजेइतकीच यायला हवी. अॅट-बॅट २७, वॉक ३, एकीला बॉल लागला, एक सॅक्रिफाइस: ३२. दुसरीकडे धावा ४, बेसवर राहिल्या ७, पुटआउट २१: ३२. जुळलं. नाही जुळलं तर बहुतेकदा एखाद्या फिल्डर्स चॉइसवर आउट झालेली रनर खोडायची राहिलेली असते किंवा सॅक्रिफाइसला अॅट-बॅट लागलेलं असतं. तिथेच आधी शोधा.

टायब्रेकर झाला असेल तर हा ताळा जुळणार नाही, आणि जुळूही नये. त्या इनिंगची सुरुवात दुसऱ्या बेसवर ठेवलेल्या रनरने होते. इनिंग ५ नंबरच्या बॅटरपासून सुरू होत असेल तर ४ नंबरची तिथे उभी राहते. ती बॅटिंग न करताच आलेली असते, पण शेवटी धाव, आउट किंवा बेसवर राहिलेली, ह्यातलं काहीतरी होतेच. तिची धाव अनअर्न्ड लिहा. कोणाच्या हिटवर आली असेल तर त्या बॅटरला धावेचं श्रेय द्या. मग ८ इनिंग्जच्या सामन्यात एका बाजूला ३४ आणि दुसरीकडे २४ पुटआउट, ५ धावा, ६ बेसवर राहिलेल्या मिळून ३५ आले, तर शीट बरोबर आहे. टायब्रेकरच्या प्रत्येक इनिंगमागे एकाचा फरक यायलाच हवा. तेवढाच आला असेल तर खाली तारीख घाला आणि सहीसाठी पंचांकडे न्या.